पशुवैद्यक होण्याची पूर्वतयारी : आपल्या मुलांसाठी आणि आपल्या पालकांसाठी

गेल्या वर्षीच्या पालकसभेतील एका प्रसंगाने या लेखाची सुरुवात करतो. आठवीतील एका विद्यार्थिनीने 'मी कोण होणार' या विषयावरील निबंधात, आपल्याला पशुवैद्यक व्हायचे आहे, असे लिहिले होते. दिवाळीच्या सुटीत ती घरी असताना घरची गाभण शेळी दोन दिवस अडून मेली आणि पोटातील दोन करडेही गेली. गावातील दवाखान्याला कुलूप होते. शेळी का अडली, हे घरातील कोणालाच सांगता आले नाही. मुलीने निबंधाच्या शेवटी लिहिले होते, की तिला याचे कारण शोधायचे आहे.

निबंध मनापासून लिहिलेला होता, म्हणून मी तो सभेत वाचून दाखविला. मुलीचे आजोबा समोरच बसले होते. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, माझ्या बापानं गावची मेलेली ढोरं वढली. छप्पन साली दीक्षा घेतली आन् ते काम सोडलं, तर गावानं आम्हाला वाळीत टाकलं. एवढं सोसून आम्ही ढोरातून बाहेर आलो. आता नातीनं शाळा शिकून पुन्हा ढोरातच हात घालायचा का? तिला माणसांची डॉक्टर करा."

सभागृह शांत झाले. मला उत्तर सुचले नाही. त्याला एक कारण होते. सुमारे वीस वर्षांपूर्वी, अशीच इच्छा बोलून दाखविणाऱ्या एका विद्यार्थ्याला मीच म्हणालो होतो, "एवढा हुशार मुलगा तू, गुरांचा डॉक्टर कशाला होतोस? माणसांचा हो." त्याने माझे ऐकले. त्या प्रवेशाच्या मागे त्याची दोन वर्षे गेली. प्रवेश मिळाला नाही आणि ज्या विषयाची खरी ओढ होती तोही हातचा गेला. आज तो शहरात एका कार्यालयात नोकरी करतो. भेटला की आदराने जयभीम करतो, तक्रारीचा शब्दही काढत नाही. त्याने तक्रार केली असती, तर मला थोडे हलके वाटले असते.

आजोबांना त्या दिवशी जे उत्तर देता आले नाही, ते या लेखात देण्याचा प्रयत्न आहे. मुलांनी पशुवैद्यक होण्याची तयारी कोठून आणि कशी करावी, हेही त्यात ओघाने येईलच. मात्र आपल्या समाजात ही तयारी मुलाच्या आधी पालकाच्या मनात व्हावी लागते. म्हणून प्रथम आजोबांच्या प्रश्नाकडे वळू.

काम लादले, ज्ञान नाकारले

आजोबांचे म्हणणे भावनेच्या भरातले नव्हते. त्यामागे इतिहास आहे. गावगाड्यात मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांचे काम ठरविलेले होते. ते नाकारण्याची मुभा नव्हती आणि मोबदल्याची खात्रीही नव्हती. त्या जनावराचे मांस खाण्याची वेळ दारिद्र्याने आणली आणि पुढे त्याच मांसाचा दाखला देऊन माणसाला अपवित्र ठरविले गेले. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचे आवाहन केले, ते याच साखळीवर घाव घालण्यासाठी. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गाववतने प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. आजोबांच्या वडिलांनी सोडलेले काम या साऱ्या इतिहासाचा भाग होते. ते सोडणे हा बंडाचाच एक प्रकार होता आणि त्याची किंमत त्या कुटुंबाने मोजली.

या इतिहासाची आणखी एक बाजू आपण क्वचितच पाहतो. एखादे धडधाकट जनावर अचानक कोसळते, नाकातोंडातून काळपट, न गोठणारे रक्त येते, पोट झपाट्याने फुगते. ही फाशी या रोगाची लक्षणे असू शकतात. माणसाला होणाऱ्या या रोगाला आपल्याकडे काळपुळी म्हणतात. अशा जनावराचे शव उघडू नये, कातडे सोलू नये, मांस खाऊ नये, असे शास्त्र सांगते. कारण उघड्या शवातील जंतू हवेचा स्पर्श होताच कठीण कवचाचे बीजाणू बनवतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. सोलणाऱ्याच्या हातावरच्या साध्या जखमेतूनही बाधा होते. आता विचार करावा, गावातील असे शव कोणाच्या हाती दिले जात होते? आपल्या पूर्वजांच्या हाती. आणि त्यातला धोका सांगणारे ज्ञान कोणाच्या वाट्याला आले नव्हते? त्यांच्याच.

म्हणजे आपल्यावर जनावराचे काम लादले गेले आणि जनावराचे शास्त्र आपल्यापासून दूर ठेवले गेले. आपण काम नाकारले, ते योग्यच केले. पण त्याबरोबर शास्त्रही नाकारले, तर अन्यायाचा अर्धा भाग आपणच पुढे चालू ठेवल्यासारखे होईल. पूर्वजाला मेलेले जनावर ओढावे लागले, ते जन्माने लादलेले होते. त्याची पणती जिवंत जनावर बरे करील, ते स्वतःच्या निवडीने, विद्येच्या बळावर, पदवी आणि नोंदणी घेऊन करील. या दोन गोष्टींत केवळ जनावर हा शब्द सारखा आहे.

धम्माच्या दृष्टीने पशुचिकित्सा

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक दाखला मला फार मोलाचा वाटतो. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात दोन प्रकारच्या चिकित्सांची व्यवस्था केल्याचे नमूद केले आहे. एक माणसांची आणि दुसरी पशूंची. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्याचा आणि रस्त्यांच्या कडेला माणसांसाठी व पशूंसाठी विहिरी खोदल्याचाही उल्लेख त्यात आहे. हा लेख गिरनारच्या खडकावर आजही पाहता येतो. आपल्या नालासोपाऱ्यातही अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. अशोकाने जागोजागी आजच्यासारखे दवाखाने उघडले होते, असे या लेखावरून ठामपणे म्हणता येत नाही. परंतु पशूंवर उपचार करणे हे राज्याचे कर्तव्य मानले गेले आणि ते माणसांच्या उपचाराच्या शेजारी, एकाच ओळीत कोरले गेले, एवढे निश्चित आहे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांत भेद केला आहे. करुणा माणसांविषयी असते, तर मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत पोहोचते. पशुवैद्यकाचा व्यवसाय हे मैत्रीचे व्यवहारातील रूप आहे, असे मला वाटते. सिद्धार्थ आणि जखमी हंसाची गोष्ट आपली मुले पहिलीपासून ऐकतात. त्या गोष्टीत सिद्धार्थ केवळ हळहळत बसत नाही. तो बाण काढतो, जखमेची काळजी घेतो, पक्ष्याला ऊब देतो. दया वाटणे ही सुरुवात आहे. बाण कसा काढावा, हे शिकावे लागते.

काही पालक विचारतात, असाध्य जनावराला पशुवैद्यक वेदनारहित मरण देतो, मग पहिल्या शीलाचे काय? बाबासाहेबांनी याच ग्रंथात हत्येची इच्छा आणि हत्येची गरज यांत फरक केला आहे आणि अहिंसेकडे आंधळा नियम म्हणून न पाहता विवेकाने वापरायचे तत्त्व म्हणून पाहिले आहे. हा प्रश्न मुलापुढे कधीतरी उभा राहणारच आहे. त्याची चर्चा घरात आणि वर्गात मोकळेपणाने व्हावी.

या शास्त्राची व्याप्ती

'गुरांचा डॉक्टर' म्हटले की इंजेक्शनची पेटी घेऊन मोटारसायकलवर फिरणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. शास्त्राची व्याप्ती त्याहून मोठी आहे. जगातील पहिले पशुवैद्यकीय विद्यालय १७६१ साली फ्रान्समधील लिऑन येथे सुरू झाले. त्या काळी बुळकांडी हा रोग युरोपातील गोठेच्या गोठे रिकामे करीत होता. हाच रोग आपल्याकडेही शतकानुशतके होता. आपल्या देशातील मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत १९२० च्या दशकात या रोगावर शेळीच्या ऊतींपासून लस तयार झाली. पुढे गावोगाव लसीकरण झाले. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसरा रोग आहे. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांइतकेच त्याचे श्रेय उन्हातान्हात फिरून लस टोचणाऱ्या पशुवैद्यकांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहे.

दूध व मांस यांची तपासणी, पिसाळलेल्या कुत्र्यापासून होणारा रेबीज, कच्च्या दुधातून पसरणारे रोग, वन्य प्राण्यांचे आरोग्य, कुक्कुटपालन, लसनिर्मिती आणि संशोधन ही सारी या शास्त्राची क्षेत्रे आहेत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार एकट्या महाराष्ट्रात सुमारे ३ कोटी ३० लाख पशुधन आहे. त्यातील शेळ्या कोणाच्या दारात आहेत, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. भूमिहीनाच्या घरची शेळी म्हणजे त्याची बँक असते. ती मेली की मुलाच्या शाळेची फी थांबते.

पाचवी ते सातवी : वही आणि डोळे

आता तयारीकडे वळू. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला शिकवणीची किंवा महागड्या पुस्तकांची गरज नाही. शंभर पानांची एक वही आणि रोजची पंधरा मिनिटे पुरेशी आहेत.

मुलाने एकच प्राणी निवडावा. घरची शेळी, शेजारची म्हैस, वसतिगृहाच्या आवारातील कुत्री किंवा कोंबड्या, काहीही चालेल. रोज एकाच वेळी तो पाहावा आणि वहीत तारीख, वेळ, हवामान लिहून पुढे दोन रकाने आखावेत. एकाचे नाव 'पाहिले', दुसऱ्याचे 'वाटले'. "शेळी कळपापासून दूर उभी होती, कान पडलेले, सकाळपासून रवंथ नाही," हे पहिल्या रकान्यात. "आजारी असावी," हे दुसऱ्यात. हे दोन रकाने वेगळे ठेवण्याची सवय हाच सर्व शास्त्रांचा पाया आहे. इतिहासातही पुरावा आणि अनुमान यांची सरमिसळ करणारा विद्यार्थी पुढे फसतो.

काय पाहावे? डोळे टवटवीत आहेत की चिपडे आलेले. गायी-म्हशींच्या नाकपुड्यांमधील भाग ओलसर आहे की कोरडा. चारा किती खाल्ला, पाणी किती वेळा प्याले. रवंथ किती वेळ चालला. शेण घट्ट, पातळ की नेहमीसारखे. चाल सरळ की लंगडती. जनावर शांत उभे असताना बाजूला उभे राहून बरगडीमागच्या भागाची हालचाल पाहावी आणि मिनिटाला किती श्वास होतात ते मोजावे. दहा दिवस मोजून सरासरी काढावी. निरोगी जनावर कसे असते हे ज्याच्या डोळ्यांत बसले, त्यालाच आजारी जनावर लांबून ओळखता येते.

या वयात घरातील वडीलधाऱ्यांचे ज्ञानही वहीत उतरवावे. दात पाहून वय सांगण्याची रीत, म्हणजे आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला हे शब्द आजीला विचारावेत. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ या गायी, पंढरपुरी, नागपुरी, मराठवाडी या म्हशी आणि उस्मानाबादी, संगमनेरी या शेळ्या ओळखायला शिकावे. आजीच्या उपचारांचीही नोंद करावी. मात्र त्यातील प्रत्येक उपचारापुढे प्रश्नचिन्ह काढून ठेवावे. कोणता उपचार खरा आणि कोणता केवळ समजूत, हे पुढे शिकल्यावर तपासता येईल. बुद्धाने आपल्याला हेच सांगितले आहे, की केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नये.

आठवी ते दहावी : माप, गणित आणि 'का?'

या टप्प्यावर पाहण्याला मोजण्याची जोड द्यावी. एक उदाहरण घेऊ. गावात वजनकाटा नसला, तरी शिवणकामाच्या टेपने जनावराचे अंदाजे वजन काढता येते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजावा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजावी. दोन्ही मापे इंचांत घ्यावीत. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. उत्तर किलोग्रॅममध्ये येते. शेळीचा घेर २८ इंच आणि लांबी २६ इंच असेल, तर २८ गुणिले २८ म्हणजे ७८४. त्याला २६ ने गुणले की २०,३८४. त्याला ६६० ने भागले की सुमारे ३१ किलो. गायीचा घेर ६० इंच आणि लांबी ५० इंच असेल, तर वजन सुमारे २७३ किलो येते.

आता समजा, एखाद्या औषधाची मात्रा किलोमागे ५ मिलिग्रॅम आहे. ३१ किलोच्या शेळीला १५५ मिलिग्रॅम लागतील. कोणी नुसत्या नजरेने तिचे वजन ६० किलो धरले, तर मात्रा जवळपास दुप्पट होईल. 'मला जीवशास्त्र आवडते, गणित नको' असे म्हणणाऱ्या मुलांना मी हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवितो. बारावीनंतरच्या प्रवेशासाठी गणित हा विषय अनिवार्य नसला, तरी गणिताची भीती बाळगून हा व्यवसाय करता येत नाही. हे गणित वहीपुरतेच आहे, औषध देणे हे मुलाचे काम नव्हे, हेही त्याच वेळी सांगावे.

दुसरी गोष्ट 'का?' विचारण्याची. म्हैस व्याली की पहिल्या चिकाचा खरवस करण्याची घरात घाई होते. मुलाने विचारावे, हा चीक वासराला का पाजायचा? कारण असे, की गायी-म्हशींमध्ये रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भात असताना वासराला मिळत नाहीत, ती चिकातून मिळतात. शिवाय वासराचे आतडे ती द्रव्ये जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच नीट शोषून घेऊ शकते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांत चीक वासराच्या पोटात गेला पाहिजे. खरवस त्यानंतर उरलेल्या चिकाचा. एवढी एक गोष्ट ज्या मुलाने घरी समजावून सांगितली आणि घरच्यांनी ऐकली, त्याने एक वासरू वाचविले असे समजावे.

याच वर्षांत जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याला भेट द्यावी. आधी शाळेचे पत्र न्यावे, डॉक्टरांना सोयीची वेळ विचारावी, कोपऱ्यात उभे राहून पाहावे आणि काम संपल्यावर तीनच प्रश्न विचारावेत. पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्याच्या लसीकरणाची शिबिरे होतात, लाळ्या खुरकताचेही लसीकरण होते. तेथे नोंदी लिहिण्यास मदत करता येते. जनावराच्या मालकाशी डॉक्टर कसे बोलतात, ते विशेष लक्ष देऊन ऐकावे. जनावर बोलत नाही. कधीपासून खात नाही, काय खाल्ले होते, पूर्वी असे झाले होते का, हे सारे मालकाकडून काढून घ्यावे लागते. त्यासाठी मालकाचा विश्वास मिळवावा लागतो.

इंग्रजीची तयारीही आताच सुरू करावी, कारण पुढील सारे शिक्षण इंग्रजीत आहे. वहीच्या मागच्या पानांवर रोज दोन शब्द लिहावेत, मराठी नाव आणि त्यासमोर शास्त्रीय इंग्रजी नाव. तीन वर्षांत दोन हजार शब्द होतात.

सुरक्षिततेचे नियम मात्र अपवादाविना पाळावेत. अनोळखी मेलेल्या जनावराला हात लावू नये. गर्भपात झालेल्या जनावराचा वार किंवा मृत गर्भ उघड्या हाताने उचलू नये. लाळ गाळणाऱ्या, गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नये, तो रेबीज असू शकतो. कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. जनावराला हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवू नये. कोणत्याही जनावराला स्वतः इंजेक्शन देऊ नये. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार हा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करावयाचा आहे.

अकरावी-बारावी : परीक्षा आणि कागदपत्रे

पशुवैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. त्यातील साडेचार वर्षे अध्ययन आणि एक वर्ष प्रत्यक्ष प्रशिक्षण. त्यासाठी अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असावेत. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. सध्या प्रवेश नीट या परीक्षेतील गुणांवर होतो. देशातील महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत अखिल भारतीय पातळीवर भरल्या जातात. नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुळातून वाचावी, ऐकीव माहितीवर राहू नये.

आपल्या राज्यात हे शिक्षण नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. मुंबईतील परळचे महाविद्यालय १८८६ साली सुरू झालेले, देशातील जुन्या महाविद्यालयांपैकी एक. त्याशिवाय नागपूर, परभणी, उदगीर आणि सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे महाविद्यालये आहेत. मराठवाड्यातील मुलाला परभणी आणि उदगीर ही गावे परकी नाहीत, हे पालकांना आवर्जून सांगावे.

आता कागदपत्रांविषयी. गुण असूनही कागदाअभावी अडलेली मुले मी पाहिली आहेत. जातीचा दाखला दहावीच्या आतच काढावा. जात पडताळणी प्रमाणपत्रासाठीचा अर्ज अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करावा, बारावीच्या निकालाची वाट पाहू नये. पडताळणीला पणजोबा-आजोबांच्या शाळेचे दाखले, जुने महसुली उतारे लागतात. ते शोधायला कधी वर्ष जाते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना केंद्राच्या सवलतीही मिळू लागल्या. तरी दाखल्यातील नोंद नेमकी कशी हवी, हे आधी विचारून घ्यावे. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखलाही तयार असावा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाबाहेर राहणाऱ्यांसाठीची स्वाधार योजना यांची माहिती समाजकल्याण कार्यालयात मिळते. आपल्या हक्काचा पैसा मागताना संकोच करू नये.

नीटमध्ये पहिल्या वेळी गुण कमी पडले, तर वर्ष वाया गेले असे मानून मुलाला घालून पाडून बोलू नये. दुग्धतंत्रज्ञान, मत्स्यविज्ञान, जीवशास्त्रातील पदवी असे जवळचे मार्ग आहेत. पशुसंवर्धनाची पदविकाही आहे, पण ती पदविका म्हणजे पशुवैद्यकाची पदवी नव्हे, हा फरक समजून घेऊनच तिकडे जावे.

मुलींविषयी थोडेसे

'मुलीला हे जमेल का?' हा प्रश्न हमखास येतो. ब्रिटनमध्ये ॲलीन कस्ट या विद्यार्थिनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले, पण ती स्त्री आहे म्हणून तिला परीक्षेला बसू दिले नाही. कायदा बदलल्यावर, १९२२ साली, वीसहून अधिक वर्षांनी तिला अधिकृत मान्यता मिळाली. मधल्या काळात ती आयर्लंडमध्ये घोडे आणि गुरे तपासतच होती. काम तिला जमत होते, अडवणूक नियमाची होती. अडवणूक आणि अपात्रता या दोन गोष्टी निराळ्या असतात, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

शाळेने आणि माजी विद्यार्थ्यांनी काय करावे?

या स्मरणिकेच्या निमित्ताने तीन विनंत्या करतो. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे पशुवैद्यक, पशुधन पर्यवेक्षक किंवा दुग्धव्यवसायात आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत येऊन मुलांशी बोलावे. वसतिगृहातील ज्या मुलांना सुटीत दवाखान्यात बसून पाहायचे आहे, त्यांना आपापल्या तालुक्यात ती संधी मिळवून द्यावी. आणि परीक्षेचे शुल्क, पडताळणीसाठीचा प्रवास, पुस्तके यांसाठी एक लहानसा निधी उभा करावा. यांतील एकही गोष्ट मोठ्या देणगीवाचून अडणारी नाही.

त्या पालकसभेनंतर मी आजोबांच्या गावी गेलो. माझ्याजवळ तयार उत्तर नव्हते, म्हणून मी त्यांनाच प्रश्न विचारीत बसलो. त्यांच्या वडिलांना जनावराचे काय काय कळत होते? आजोबा बराच वेळ बोलले. कोणते जनावर कशाने मेले, हे वडील शव पाहून सांगत. कोणत्या शवाला कोणीही हात लावू नये, हेही त्यांना अनुभवाने कळू लागले होते. पण गावात त्यांचे कोणी ऐकत नसे, ओढायला लावत. बोलता बोलता आजोबा थांबले आणि म्हणाले, "म्हंजे सर, बापाला कळत व्हतं. इचारलं कोनी न्हाई."

नात शेजारी बसून हे सारे वहीत लिहून घेत होती. तिच्या वहीत 'पाहिले' आणि 'वाटले' यांच्या जोडीला तिने त्या दिवशी तिसरा रकाना आखला होता : 'आजोबांनी सांगितले'. परवानगीचा विषय पुन्हा निघाला नाही. निघताना आजोबांनी एवढेच विचारले, "परभणीला वसतिगृह आसतंय का पोरींचं?"

यंदा ती नववीत आहे. तिचा प्रवेश होईल की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. तयारी मात्र सुरू झाली आहे, तिची आणि आजोबांचीही.

नमो बुद्धाय. जयभीम.